नासलेले अन्न, सरकारी जप्ती आणि म्हैसूरला जाणारा दुसरा नमुना

प्रस्तावना

दिवाळीच्या तोंडावर वर्तमानपत्रात एक बातमी हमखास येते : अमुक गोदामावर छापा, इतके किलो खवा जप्त, माल जागीच नष्ट. आपण ती वाचतो, बरे झाले म्हणतो आणि पान उलटतो. इतिहासाच्या विद्यार्थ्याने मात्र या बातमीपाशी थोडे थांबावे. तो खवा खराब होता हे कोणी ठरवले? ठरवताना त्याच्याकडे काय पुरावा होता? माल जर जागीच नष्ट झाला, तर उद्या न्यायालयात दाखवायचे काय? आणि दुकानदार म्हणाला की माझा माल चांगला होता, तर त्याने ते सिद्ध कसे करायचे?

चोरीचे घड्याळ जप्त केले तर खटला उभा राहीपर्यंत ते घड्याळच राहते. मासळी, दूध, दही, खवा यांचे तसे नाही. हा मुद्देमाल पोलिसाच्या कपाटात दर तासाला बदलत असतो. नासलेले अन्न लोकांच्या पोटात जाऊ नये म्हणून ते लवकर नष्ट करावे लागते आणि न्यायासाठी तेच अन्न जपूनही ठेवावे लागते. अन्नविषयक कायद्यांचा दीडशे वर्षांचा इतिहास मुख्यतः या दोन गरजांच्या ओढाताणीचा आहे. ती ओढाताण आपल्याकडे कशी सोडवली गेली आणि त्यात म्हैसूर शहराचे नाव कसे आले, हे या टिपणात पाहू.

१. सुरुवात : माणसाला शिक्षा, मालाचे काय?

१८६० च्या भारतीय दंड संहितेत अन्नासंबंधी दोन कलमे होती. कलम २७२ भेसळ करण्याविषयी आणि कलम २७३ अपायकारक अन्न विकण्याविषयी. खाण्यास अयोग्य झालेला पदार्थ खाद्य म्हणून विकणे हा कलम २७३ प्रमाणे गुन्हा होता. शिक्षा होती सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही.

ऐकायला हे कडक वाटते. पण आरोपीला माल अपायकारक असल्याचे ठाऊक होते, किंवा तसे मानण्यास त्याच्याकडे कारण होते, हे सरकारला सिद्ध करावे लागे. शिवाय या कलमांचे सारे लक्ष माणसावर होते. समोर पडलेल्या मालाचे काय करायचे, याचे उत्तर त्यांत नव्हते. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम ५२१ मध्ये असे अन्न नष्ट करण्याचा आदेश देण्याची सोय होती, पण तो आदेश आरोपी दोषी ठरल्यावर निघे. कुजलेली मासळी निकालाची वाट पाहत बसत नाही, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

२. मुंबई १८८८ : अधिकाऱ्याचे नाक

मालाचा प्रश्न आधी शहरांना भेडसावला. मोठ्या शहरात विकत घेणारा आणि पिकवणारा एकमेकांना ओळखत नाहीत. गावात नासके दूध घालणाऱ्या गवळ्याचे नाव दुसऱ्या दिवशी साऱ्या आळीत होते. मुंबईच्या बाजारात मात्र सकाळी आलेल्या टोपलीचा मालक संध्याकाळी कुठे असेल, हे कोणालाच सांगता येत नसे.

१८८८ च्या मुंबई महानगरपालिका अधिनियमात म्हणून वेगळी वाट धरली गेली. कलम ४१४ प्रमाणे विक्रीला मांडलेल्या किंवा फिरून विकल्या जाणाऱ्या मांस, मासळी, फळे, भाजीपाला, धान्य, दूध, तूप अशा पदार्थांची सतत तपासणी ठेवणे हे आयुक्ताचे काम ठरले. रोगट, नासका किंवा माणसाने खाण्यास अयोग्य वाटणारा माल कलम ४१५ खाली उचलून नेता येई. कलम ४१६ त्याच्याही पुढे गेले. जप्त माल नाशवंत असेल आणि आयुक्ताच्या मते तो खराब असेल, तर तो ताबडतोब नष्ट करायचा, आणि तोही पुन्हा विक्रीला किंवा खाण्यात येणार नाही अशा रीतीने. नष्ट करण्याचा खर्च ज्याच्याकडे माल सापडला त्याच्याकडून घ्यायचा. टिकाऊ माल मात्र कलम ४१७ प्रमाणे दंडाधिकाऱ्यापुढे न्यायचा होता.

इथे एक तुलना उपयोगी पडेल. इंग्लंडच्या १८७५ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यातही जप्तीची तरतूद होती. पण तिथे निरीक्षकाने माल उचलून न्यायाधिकाऱ्यापुढे न्यायचा आणि त्याने पाहून माल रद्द ठरवल्यावरच तो नष्ट करायचा, असा क्रम होता. मुंबईत नाशवंत मालाच्या बाबतीत मधला न्यायाधिकारी गळाला. जप्त करणारा, ठरवणारा आणि नष्ट करणारा हात एकाच यंत्रणेचा झाला.

याचा फायदा उघड होता : माल लोकांच्या ताटात जायच्या आत नाहीसा होई. तोटाही तितकाच उघड होता. माल खराब आहे हे अधिकाऱ्याचे डोळे आणि नाक सांगत. माल नष्ट झाला की ते नाक बरोबर होते की चूक, हे तपासायला काहीच उरत नसे. टोपली घेऊन बसणाऱ्या कोळणीचा किंवा हातगाडीवाल्याचा सारा दिवस त्या टोपलीत असतो. तिच्या दृष्टीने या कायद्यात जप्ती हाच निकाल होता.

३. अमेरिका १९०६ : मालच आरोपी

याच काळात अमेरिकेने तिसराच मार्ग काढला. तिथल्या १९०६ च्या केंद्रीय अन्न व औषध कायद्याने एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जाणारा भेसळयुक्त माल न्यायालयामार्फत जप्त करण्याची सोय केली. ‘भेसळ’ या शब्दात परकी वस्तू मिसळणे तर आलेच. शिवाय घाणेरडा, कुजलेला, सडलेला प्राणिज किंवा वनस्पतिजन्य पदार्थही त्यात धरला गेला. हा मुद्दा लक्षात ठेवा, कारण पुढे भारतीय कायद्यातही ‘भेसळ’ शब्दाचा असाच विस्तार दिसेल. काहीही न मिसळता नुसते नासू दिलेले अन्नसुद्धा कायद्याच्या भाषेत ‘भेसळयुक्त’ ठरले.

अमेरिकी पद्धतीची गंमत अशी की खटला मालकावर न होता मालावर होई. खटल्यांची नावेही तशीच : अमेरिकेचे सरकार विरुद्ध इतकी पिंपे, इतके डबे. मालक आला तर त्याने मालाची बाजू मांडायची. नाही आला तर माल जप्तच. १९११ साली तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला एक गाजलेला खटला अंड्यांच्या पन्नास डब्यांचा होता. त्यांत टिकवणुकीसाठी बोरिक आम्ल घातले होते. डबे मुक्कामाला पोहोचून साठवणीत ठेवले असले तरी ते जप्त करता येतात, असे न्यायालयाने मान्य केले. अधिकाऱ्याचा संशय आणि मालाचा नाश यांच्यामध्ये इथे न्यायालय उभे होते. पण बंद डब्यातल्या मालाला हा वेळ परवडतो. उघड्या टोपलीतल्या मासळीचे काय, हा प्रश्न तिथेही सोपा नव्हता.

४. १९५४ चा कायदा : एका नमुन्याचे तीन भाग

भारतात विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात प्रांतोप्रांती वेगवेगळे कायदे झाले. मुंबई इलाख्याचा भेसळ प्रतिबंधक कायदा १९२५ चा. एका प्रांतात गुन्हा ठरणारी गोष्ट दुसऱ्या प्रांतात चालून जाई. राज्यघटनेने अन्नातील भेसळ हा विषय समवर्ती सूचीत घातला आणि संसदेने अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा, १९५४ केला. तो १ जून १९५५ पासून अमलात आला.

या कायद्याची मांडणी नीट पाहा, कारण आधीच्या साऱ्या अनुभवांचे धागे तिच्यात आहेत.

- व्याख्या. घाणेरडा, कुजलेला, सडलेला, रोगट किंवा कीड लागलेला, किंवा अन्य प्रकारे खाण्यास अयोग्य पदार्थ ‘भेसळयुक्त’ धरला गेला.
- अधिकार. कलम १० प्रमाणे अन्न निरीक्षक नमुना घेऊ शके. माल भेसळयुक्त वाटला तर तो जप्त करून नेऊ शके, किंवा दुकानदाराच्याच ताब्यात सुरक्षित ठेवू शके.
- साक्षीदार. ही कारवाई पंचांसमोर व्हावी अशी अपेक्षा होती.
- निरीक्षकावर अंकुश. वाजवी कारण नसताना त्रास देण्यासाठी जप्ती करणाऱ्या निरीक्षकालाही दंडाची तरतूद होती.
- न्यायालय. जप्त माल दंडाधिकाऱ्यापुढे न्यायचा. भेसळ आढळली तर तो सरकारजमा करण्याचा किंवा मालकाच्या खर्चाने नष्ट करण्याचा आदेश निघे. भेसळ नसेल तर माल परत मिळण्याचा मालकाला हक्क होता, आणि प्रत्यक्ष नुकसानीच्या मर्यादेत भरपाई देणे दंडाधिकाऱ्याच्या हाती होते.

पण कायद्याचा खरा कणा होता तो नमुन्याचे तीन भाग करण्याची पद्धत. तिचे मूळ इंग्लंडच्या १८७५ च्या अन्न व औषध विक्री कायद्यात आहे. निरीक्षकाने नमुना घेतला की जागेवरच त्याचे तीन सारखे भाग करून प्रत्येक भाग सीलबंद करायचा. मूळ १९५४ च्या कायद्यात एक भाग दुकानदाराला, एक सार्वजनिक विश्लेषकाला आणि एक राखून ठेवायचा अशी वाटणी होती. १९७६ च्या दुरुस्तीनंतर एक भाग विश्लेषकाकडे आणि उरलेले दोन स्थानिक आरोग्य अधिकाऱ्याकडे जाऊ लागले.

नाकाची जागा आता बाटलीने घेतली. साऱ्या मालाचे पुढे काहीही होवो, त्याचा एक छोटा अंश साक्षीदार म्हणून मागे राहणार होता. विश्लेषकाचा अहवाल चुकीचा आहे असे ज्याला वाटे, तो कलम १३ प्रमाणे दुसरा भाग केंद्रीय अन्न प्रयोगशाळेकडे पाठवण्याची मागणी न्यायालयाकडे करू शके. त्या प्रयोगशाळेच्या संचालकाचे प्रमाणपत्र आले की आधीचा अहवाल मागे पडे आणि प्रमाणपत्रातली वस्तुस्थिती अंतिम मानली जाई.

५. म्हैसूर : दुसऱ्या मताचे ठिकाण

सुरुवातीला केंद्रीय अन्न प्रयोगशाळा म्हणजे कलकत्त्याची प्रयोगशाळा. १९७६ च्या दुरुस्तीनंतर एकापेक्षा अधिक प्रयोगशाळांची सोय झाली आणि कलकत्त्याबरोबर गाझियाबाद, पुणे व म्हैसूर ही नावे आली. म्हैसूरमध्ये हे काम केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेकडे आले. ही संस्था २१ ऑक्टोबर १९५० रोजी सुरू झाली. तिचे पहिले संचालक डॉ. व्ही. सुब्रह्मण्यन. तिचे घर म्हणजे म्हैसूरच्या राजघराण्याने राजकन्येसाठी बांधलेला चेलुवांबा महाल. ज्या संस्थेत अन्न टिकवावे कसे याचे संशोधन चाले, तिच्याकडेच न टिकलेल्या अन्नाचा निवाडा आला.

महाराष्ट्रातल्या वाचकासाठी यात एक विशेष गोष्ट आहे. नियमांनी कोणत्या राज्याचा नमुना कुठे जाईल याची वाटणी केली होती. तीत महाराष्ट्रातले वादग्रस्त नमुने म्हैसूरला जात, आणि पुण्याच्या प्रयोगशाळेत दिल्लीसारख्या दूरच्या ठिकाणचे नमुने येत. म्हणजे आपल्या दारातली प्रयोगशाळा आपला निवाडा करीत नसे. स्थानिक अधिकारी, स्थानिक व्यापारी आणि निवाडा करणारा रसायनशास्त्रज्ञ यांच्यात त्यामुळे आपोआप अंतर राही. मुंबईच्या १८८८ च्या कायद्यात सारे एका हातात होते, हे आठवले की या अंतराची किंमत कळते.

बाटलीचा प्रवासही ठरीव होता. नमुना सीलबंद पाकिटात, सोबत ज्ञापन, आणि वर बाहेरचे वेष्टन. ज्ञापनाची प्रत आणि सीलचा ठसा मात्र वेगळ्या नोंदणीकृत टपालाने जाई. प्रयोगशाळेने आधी बाटलीवरचे सील आणि वेगळा आलेला ठसा जुळवून पाहायचा, मग बाटली उघडायची. वाटेत कोणी बाटली बदलली तर ती इथे पकडली जावी, हा उद्देश. खटल्यात वकिलांची बरीच उलटतपासणी याच सीलभोवती फिरे.

६. बाटलीतले दही

बाटलीला मात्र एक दोष होता. तिच्यातले अन्नही अन्नच होते. तेही नासत होते.

हा दोष एका दह्याच्या खटल्याने सर्वोच्च न्यायालयापर्यंत नेला. सप्टेंबर १९६१ मध्ये दिल्लीत एका विक्रेत्याकडून दह्याचा नमुना घेतला गेला. खटला दाखल झाला मे १९६२ मध्ये. विक्रेत्याने आपला हक्क वापरून दुसरा भाग केंद्रीय प्रयोगशाळेकडे पाठवायला लावला, तर संचालकांचे उत्तर आले की नमुना पार कुजला आहे, तपासणी शक्य नाही. दिल्ली महानगरपालिकेचे अपील १९६६ च्या नोव्हेंबरात निकाली निघाले. तज्ज्ञाच्या साक्षीप्रमाणे असे दही साध्या तापमानाला सुमारे सात दिवस, शीतकपाटात सुमारे चार आठवडे आणि परिरक्षक घातल्यास सुमारे चार महिने तपासण्याजोगे राहते. खटला दाखल व्हायलाच आठ महिने लागले होते.

न्यायालयाने म्हटले त्याचा सारांश असा : दुसरे मत मागण्याचा हक्क कायद्याने दिला आहे, तो बजावायची संधी खटला दाखल झाल्यावरच मिळते, सरकार पक्षाच्या उशिरामुळे तो हक्क पोकळ झाला असेल, तर केवळ पहिल्या अहवालावर शिक्षा देता येणार नाही. त्याच वेळी न्यायालयाने हेही नोंदवले की सरकार पक्षाचा दोष नसताना नमुना खराब झाला, तर विचार वेगळा होऊ शकेल. म्हणजे उशीर झाला की सुटका, असा सरसकट नियम नव्हता.

दुधासारख्या नमुन्यांवर उपाय म्हणून नियमांत फॉर्मालिन होते : दर २५ मिलिलिटरला दोन थेंब. विचार करा, विकायच्या दुधात जे घालणे गुन्हा आहे तेच साक्षीच्या दुधात घालणे बंधनकारक. त्याने स्निग्धांशाचे प्रमाण महिनोन्‌महिने टिकते, पण दुधाचा त्या दिवशीचा वास किंवा चव टिकत नाही. पाणी घातलेले दूध बाटली सिद्ध करू शके. नासलेपण सिद्ध करणे तिला कायमच अवघड गेले. नमुना घेतला तेव्हाच माल नासला होता की बाटलीत नासला, हा प्रश्न दर वेळी उभा राहिला.

७. काजूतली कीड : ‘अयोग्य’ म्हणजे काय?

दुसरा प्रश्न शब्दांचा होता. दिल्लीतच काजूच्या दोन खटल्यांत कीड आढळली होती. व्याख्येत ‘कीड लागलेला किंवा अन्य प्रकारे खाण्यास अयोग्य’ असे शब्द होते. नुसती कीड सापडली की पुरे, की माल खाण्यास अयोग्य झाला हेही दाखवायचे? १९७५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दुसरा अर्थ घेतला : कीड आढळली एवढ्यावर भागत नाही, अयोग्यता सिद्ध व्हावी. १९७९ मध्ये त्याच न्यायालयाने वेगळा अर्थ लावला : कुजलेला, सडलेला, कीड लागलेला हे प्रकार आपल्यापुरतेच पुरेसे आहेत, ‘अन्य प्रकारे अयोग्य’ हा वेगळा प्रकार आहे.

चार वर्षांत एका ‘किंवा’चा अर्थ बदलला. हे केवळ व्याकरण नव्हते. पहिल्या अर्थात संशयाचा फायदा दुकानदाराला मिळे, दुसऱ्यात ग्राहकाला. या कायद्यात, अपवाद सोडता, किमान सहा महिन्यांची कैद होती, हे लक्षात घेतले तर दोन्ही बाजूंनी डाव किती मोठा होता ते कळते.

८. २००६ नंतर

आज अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ लागू आहे. ५ ऑगस्ट २०११ पासून त्याने १९५४ च्या कायद्याची जागा घेतली. नमुन्याचे आता चार भाग होतात. चौथा भाग व्यावसायिकाच्या मागणीवरून मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जाऊ शकतो. विश्लेषकाने चौदा दिवसांत अहवाल द्यायचा असतो. त्यावर अपील करता येते आणि अपिलातला नमुना निर्देशित प्रयोगशाळेकडे जातो. म्हैसूरची संस्था त्या यादीतही आहे. नाशवंत माल अगदी खराब झाला असेल तर अधिकारी लेखी सूचना देऊन तो नष्ट करवू शकतो. विनाकारण त्रास देणाऱ्या अधिकाऱ्याला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

१८८८ आणि २००६ शेजारी ठेवून पाहा. नाशवंत माल लगेच नष्ट करण्याचा अधिकार गेलेला नाही. तो जाणेही शक्य नाही. बदलले ते त्याच्या भोवतीचे : आधी सूचना, मागे राहणारा नमुना, दूरच्या प्रयोगशाळेत दुसरे मत आणि चुकलेल्या अधिकाऱ्याला जबाब.

सारांश

नासलेल्या अन्नाच्या जप्तीत दोन माणसांचे हित गुंतलेले असते. एक ते अन्न खाणारा. त्याला वेग हवा. दुसरा ते विकणारा. त्याला पुरावा हवा. जुन्या नगरपालिका कायद्यांनी वेग निवडला आणि पुरावा सोडला. १९५४ च्या कायद्याने पुरावा बाटलीत भरला, पण वेळेला तो हरवू शकला नाही. प्रयोगशाळा कितीही चांगली असली तरी बाटली तिच्यापर्यंत वेळेत पोहोचली तरच न्याय होतो. निरीक्षक, टपाल, शीतकपाट आणि न्यायालयाची तारीख हे सारे त्या साखळीचे दुवे आहेत, आणि यांतला एक जरी दुवा उशीर करून बसला तरी दोघांपैकी एकावर अन्याय होतोच.

विचार करा

१. पुढच्या वेळी माल जप्त करून नष्ट केल्याची बातमी वाचाल, तेव्हा नमुना घेतल्याचा उल्लेख तिच्यात आहे का ते पाहा. नसेल तर ती कारवाई १८८८ च्या पद्धतीच्या जवळची वाटते की २००६ च्या?

२. महाराष्ट्राचा नमुना म्हैसूरला पाठवण्याने निःपक्षपातीपणा वाढतो, पण प्रवासाचे दिवसही वाढतात. ताजी मासळी आणि बंद डब्यातले तूप या दोन्हींसाठी तुम्ही एकच नियम कराल का?

३. तुमच्या गावच्या आठवडी बाजारात मासळी किंवा दूध विकणाऱ्या एखाद्या व्यक्तीशी बोला. माल खराब होऊ लागला हे ती कशावरून ओळखते? तिची खूण आणि प्रयोगशाळेची कसोटी यांची तुलना करा.